रोशनीचा पाचवा महिना

"कितवा गं?" साडी बघायला आलेल्या यमुताईंनी विचारलं.

रोशनी दुकानाच्या गादीवर उभी होती. कुर्त्यावरूनच हिरवी साडी गुंडाळलेली, पदर खांद्यावर, निऱ्या हातात. गांधीबागेतल्या भैयाजींच्या दुकानात तिचं कामच ते. गिऱ्हाईक बोट दाखवेल ती साडी अंगावर घ्यायची आणि इकडून-तिकडून वळून दाखवायची.

"काय जी?"

"महिना गं! कितवा?"

यमुताईंची नजर निऱ्यांच्या जरा वर थांबली होती. रोशनीची मुलगी घरी भिंत धरून उभी राहायला लागली होती. हे पोट तिच्याच वेळचं, तेच सांगायचं होतं. पण मागच्याच आठवड्यात एका बाईला तिनं तेच सांगितलं होतं. ती बाई म्हणाली होती, "पोरगी उभी राहते? आणि हे अजून असंच?" मग सोबतच्या बहिणीच्या कानाशी लागली, दोघी हसल्या, आणि साडी न घेताच गेल्या.

"पाचवा," रोशनी म्हणाली.

गादीच्या टोकाला घड्या घालणाऱ्या प्रीतीचे हात थांबले.

"अगं, माझ्या सुनेलाही पाचवाच! चिन्मयीला. तिच्या डोहाळजेवणासाठीच तर घेतेय ही साडी." यमुताई एकदम माहेरच्या झाल्या. "बैस, बैस तू. किती वेळ उभी करून ठेवलं मी तुला! आणि ते गठ्ठे उचलत जाऊ नकोस. नाव काय तुझं?"

"रोशनी."

"देवापुढे चिन्मयीसाठी बसते ना मी रोज, तुझंही नाव घेत जाईन."

त्या गेल्या. भैयाजी जेवायला घरी गेले होते, तेवढं बरं झालं. प्रीतीनं घडी बाजूला फेकली.

"काहून खोटं बोलली वं?"

"मंग काय सांगू? पोट हाये पन पोर नाई, असं सांगू?"

"अन् ती सातव्यात आली म्हंजे?"

"तवाचं तवा."

"तवा ब्लाऊजपीस कोंब आत. पाच-सहा कोंबले की सातवा महिना तयार!"

रोशनी हसली. हसताना पोट मधोमध ताठ उभं राहिलं, छपराच्या कण्यासारखं. तिनं घाईनं ओढणी पुढे ओढली.

हे पोट कसं आलं, ते तिच्या मते तिला ठाऊक होतं. ऐन मे महिन्यात बाळंतपण झालं. सासूनं, कौसल्याबाईंनी, जुन्या लुगड्याचा पट्टा करून तिच्या पोटाला बांधला. नागपूरचा उन्हाळा, कूलर मुलीच्या बाजूला वळवलेला, पट्ट्याखाली घामोळ्या. आठवड्याभरात रोशनीनं तो सोडून टाकला.

"मी तवाच म्हनत होती, पोट बांध," कौसल्याबाई अजून म्हणायच्या. "तुले गरमी होऊन राहिली होती ना? आता भोग."

चूक आपलीच होती, असं रोशनीनं मान्य करून टाकलं होतं. मोबाइलवर पाहून ती गच्चीवर चोरून सिट-अप्स काढायची, पाठीवर झोपून डोकं गुडघ्याला लावायची. जितक्या काढाव्या तितकं पोट मधोमध जास्त टोक काढायचं. कंबर दुखायची. खोकला आला की लघवी सुटायची, संडास गाठावा लागे, आणि हे तर तिनं प्रीतीलाही सांगितलं नव्हतं.

तिचा नवरा संघपाल वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात कामाला. वाईट माणूस नव्हता. पण एकदा मित्र घरी आलेले असताना चहा घेऊन रोशनी बाहेर आली, तर म्हणाला, "पाहा गा, आमच्या घरी दुसऱ्याची तयारी चालू झाली." सगळे हसले. रोशनीही हसली. त्या दिवसापासून कपडे बदलताना ती दाराला कडी लावायची, संघपाल घरात एकटाच असला तरी.

शेवटी कंबरदुखीचं निमित्त करून ती रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात गेली. व्यायाम शिकवणाऱ्या चारुलता मॅडमनी तिला टेबलावर झोपायला सांगितलं.

"कुर्ता वर घे."

"मॅडम, कमरेतच दुखते. पोटात नाई दुखत."

"घे गं. इथे आपण दोघीच आहोत."

रोशनीनं डोळे मिटून कुर्ता वर घेतला.

"आता डोकं जरासं उचल. बस, एवढंच." मॅडमची बोटं बेंबीच्या वर अलगद आत गेली. "बघ, तीन बोटं बसतात. पोटाचे हे दोन उभे स्नायू बाळासाठी बाजूला सरकले, ते परत जवळ आलेच नाहीत."

"फाटलं का मॅडम?"

"फाटलं नाही. मधला पडदा ताणून ढिला झालाय."

"पट्टा नाई बांधला मी. गरमी होत होती."

"पट्टा बांधणाऱ्यांचंही राहतं. कोणी सांगितलं तुझी चूक म्हणून?"

रोशनीनं छताकडे पाहिलं. डोळ्यांतलं पाणी कानात गेलं.

"ऑपरेशन?"

"तुला लागेल असं वाटत नाही. पण पोटासाठी सिट-अप्स काढत असशील तर त्या आजपासून बंद. झोपेतून उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, मग हाताचा टेका. वजन उचलताना श्वास धरायचा नाही, सोडायचा. सोडता सोडता खालून आवळून घ्यायचं, मग पोट हळूच आत. खोकल्याचंही त्यानंच बरं होईल."

खोकल्याचं तिनं सांगितलंच नव्हतं. कान तापले.

"किती दिवसांत जाईन हे पोट?"

"महिने लागतील. आणि अगदी पहिल्यासारखं होईल असं वचन मी देणार नाही. थोडी फट राहिली तरी पोट आपलं काम करायला लागतं."

मग ते सुरू झालं. गादीवर बसून घड्या घालता घालता रोशनी श्वास सोडायची. भाकरी थापताना, मुलीला उचलताना. गठ्ठा आला की प्रीतीला हाक.

"एक टोक धर ना वं."

"मले हमाल समजली का?" प्रीती म्हणायची आणि धरायची.

पहिले काही आठवडे काहीच दिसलं नाही. मग कंबर शांत झाली. मग एके दिवशी खोकला आला आणि गेला, रोशनी जागची हलली नाही. आरशासमोर बाजूनं उभी राहिली तर कुर्ता सरळ खाली पडत होता, अगदी सरळ नाही, पण पडत होता. आनंद व्हायला हवा होता. तिच्या डोळ्यांपुढे यमुताई उभ्या राहिल्या. पोट कमी होऊन राहिलं होतं, आणि त्यांच्या हिशेबानं ते वाढायला हवं होतं.

"सांगून टाक, गेलं म्हनून," प्रीती म्हणाली. "होते असं बायांचं. कोनी जास्त विचारत नाई. विषय खतम."

ते वाक्य रोशनीनं मनात बाजूला ठेवून दिलं, लागलंच तर असावं म्हणून.

यमुताई आल्या त्या सुनेला घेऊन. चिन्मयी पाठीवर हात ठेवून गादीवर टेकली. यमुताईंच्या पिशवीतून नारळाची शेंडी डोकावत होती.

"रोशनी कुठंय? तिची ओटी भरायचीय. खण आणलाय, हिरवा."

रोशनीच्या घरी ओटी भरायची पद्धत नव्हती, पण खरी अडचण ती नव्हती. ती गठ्ठ्यांमागून उभी राहिली. यमुताई हसत वळल्या. त्यांची नजर खाली गेली आणि हसू तिथंच थांबलं. एक हात आपोआप चिन्मयीच्या पोटापुढे आडवा झाला.

"अगं... केव्हा?"

प्रीती खाकरली. नुसती मान खाली घातली असती तरी चाललं असतं. रोशनीची मान खाली गेलीही.

यमुताईंनी सुनेपुढचा हात काढून रोशनीच्या खांद्यावर ठेवला. "माझंही पहिलं असंच गेलं होतं गं. पाचव्यातच. आम्ही कोणी बोलत नाही ते घरात. रोज नाव घेत होते मी तुझं..."

"नाई जी," रोशनी म्हणाली. "गेलं नाई. नव्हतंच."

"नव्हतंच म्हणजे?"

"मुलगी हाये माझी. वर्षाची झाली. तिच्या वेळचं पोट गेलं नव्हतं. लोक विचारत होते, लाज वाटत होती. म्हनून तुमाले पाचवा सांगतला."

यमुताईंचा हात खांद्यावरून निघाला. तो पुन्हा कुठं ठेवावा हे त्यांना कळेना.

"लाज वाटली म्हणून?" त्या हळूच म्हणाल्या. "अशी गोष्ट खोटी सांगतं का गं कोणी?"

"चुकलं जी."

त्यांनी हिरवा खण उचलून पिशवीत ठेवला, नारळाच्या बाजूला, नीट. मग प्रीतीकडे वळल्या. "देण्याघेण्यातल्या साड्या दाखव."

रोशनी तिथंच उभी राहिली. चिन्मयी सासूमागं जायला उठू लागली, दोन्ही हात मागे टेकून, सरळ पोटावर जोर देत. पोट मधोमध उभं राहिलं.

"थांबा!" रोशनी ओरडलीच. "तसं नको जी. कुशीवर वळा आधी. हां. आता हाताचा टेका. श्वास सोडा, अन् मंग उठा."

चिन्मयी उठली. "मलाही तसं होईल का?"

"सांगता येत नाई. झालं तर लपवू नका. लवकर दाखवा."

"तुमचं पूर्ण बरं झालं?"

"नाई. अजून दोन बोटं जातात मधात."

यमुताई पाठमोऱ्या होत्या, पण त्यांचे हात साड्यांवर थांबले होते. मग त्यांनी एक जांभळी साडी बाजूला काढली. रोशनीकडे न बघताच म्हणाल्या, "ही नेसून दाखव."

रोशनी गादीवर मधोमध आली. जांभळी साडी कुर्त्यावरून गुंडाळली, पदर खांद्यावर टाकला. एरवी ती निऱ्यांचा गठ्ठा पोटापुढे धरून उभी राहायची. आज निऱ्या खोचून हात बाजूला सोडले. चेहरा तापला होता. श्वास सोडून ती एका बाजूला वळली, मग दुसऱ्या.

यमुताईंनी साडी पाहिली. फक्त साडी.

"काठ जरा बारीक आहे," त्या म्हणाल्या. "दुसरी दाखव."