मागून आलेली हाक

आळीत आजीला सगळे भोंगा म्हणायचे. खरा भोंगा तिच्या कारखान्याच्या छपरावर होता, पण तो बिचारा पाळी बदलताना तेवढा वाजायचा. हा दुसरा दिवसभर चालू. आता आजी नाही, घर शांत आहे, आणि ती शांतता तिच्या सुनेला अजून अंगवळणी पडत नाही. आजीचा विषय निघाला की ती हातातलं काम बाजूला ठेवते आणि आपल्या पहिल्या दिवसापासून सुरुवात करते.

त्या दिवशी तिला वाटलं होतं की घरात कडाक्याचं भांडण जुंपलंय. प्रत्यक्षात सासू विचारत होती, "चहा घेतेस का?" एवढ्या मोठ्यानं, की भिंतीपलीकडची शेजारीण "घेईन की" म्हणाली असती तरी नवल नव्हतं. नवी सून कप विसळत स्वतःशीच पुटपुटली, "देवा, किती ओरडते ही बाई!"

"ओरडत नाही गं, बोलतेय," सासू दारातून म्हणाली.

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. हिला ऐकू येत नाही म्हणाले होते ना? येत नव्हतंच. पण दिसत होतं!

त्याचं असं, की आजीची उमर मागांवर गेली. कापडाच्या कारखान्यात मागांची रांगच्या रांग, आणि दणदणाट असा की कानाशी तोंड नेऊन बोंबललं तरी फुकट. मग तिथल्या बाया आवाज खर्चच करायच्या नाहीत. नुसते ओठ हलवायच्या, ठसठशीत, सावकाश. या टोकाची त्या टोकाच्या बाईला सांगायची, तुझा धागा तुटलाय बघ. नाहीतर कोणाच्या नवऱ्यानं काय दिवे लावले ते. आवाज एक नाही आणि गप्पा दिवसभर. बाहेर पडल्या की मात्र उलटा कारभार. कान गेलेले, त्यामुळे आपण किती मोठ्यानं बोलतोय याचा पत्ताच नाही.

नवरा गेला तेव्हा तिचा मुलगा रांगत होता. तिनं रडून घेतलं आणि दुपारची पाळी मागून घेतली, म्हणजे सकाळ पोराला मिळेल. कामावरून आली की केसांत, भुवयांत कापसाचा भुगा असायचा. पोराला त्यानं खोकला यायचा, म्हणून थंडी असो की वारा, आधी डोकं धुवायची आणि मगच त्याला उचलायची. स्वतः चौथी शिकलेली, पण त्याचे पाढे घ्यायला समोर बसायची. तो मधलाच आकडा पुटपुटून पुढे सटकायला बघायचा, की हिची टिचकी डोक्यावर पडायची. "सातासकं काय म्हणालास? ओठ बघतेय मी!" पोरगा शिकला, लिफ्ट दुरुस्त करायच्या कामाला लागला. आईनं हाडाची काडं केली हे तो कधी तोंडानं बोलला नाही, पण दर पगाराला तिच्यासाठी काहीतरी आणायचा, आणि ती दर वेळी म्हणायची, "कशाला आणलंस?" आणि मग सगळ्या आळीला दाखवून यायची.

मग बिट्टी झाली.

बिट्टी म्हणजे सुनेची लेक. सून औषधांच्या दुकानात कामाला, मुलगा गावभर लिफ्टच्या मागे, त्यामुळे बिट्टी आजीकडे. आजी कारखान्यातून निवृत्त होऊन नुकती घरी बसली होती. खरं तर बसली कसली! नातीला तळहातावरच्या फोडासारखी जपली तिनं. मांडी घालून तिला समोर बसवायची आणि तासन्‌तास गप्पा. आजी ओठ हलवणार, बिट्टी ओठ हलवणार, दोघी खुदुखुदु हसणार. संध्याकाळी सून विचारायची, "आज काही बोलली का हो?" आजी म्हणायची, "बोलली म्हणजे काय! पाणी मागितलं, मांजर दाखव म्हणाली, वर तुझ्या तक्रारी केल्या." सून हसायची. पोर आपल्याशी बोलत नाही, पण आजीशी बोलते; लाजरी असेल. काही मुलं उशिरा बोलतात, असं चार जण म्हणालेही.

आता बघा, ही चूक जगात दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसती. पोरीला ऐकूच येत नव्हतं, म्हणून ती आवाज न काढता नुसते ओठ हलवत होती. आणि आजीला कुठे आवाज ऐकू येत होता? तिला ओठ दिसत होते, ते पुरत होतं. दोघींचं इतकं छान जमलं, की मध्ये आवाज नाहीच हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

कळलं ते आजीच्या दाढेमुळे. दाढ काढली, गाल सुजला, तोंडावर फडकं बांधून आजी पडून राहिली. सून रजा घेऊन घरी थांबली, तर पोर एक शब्द ऐकेना. "बिट्टी, इकडे ये." ढिम्म. "बिट्टी, हात लावू नकोस." लावलाच. सून चिडली, म्हणाली लाडानं पार डोक्यावर बसवलंय. तेवढ्यात तिच्या हातून कुकरचं झाकण फरशीवर पडलं. सून दचकली. फडकं बांधलेली आजीसुद्धा तिला बघून दचकली. बिट्टी पाठमोरी बसून बाहुलीचे केस ओढत राहिली.

डॉक्टरांनी तपासलं. अगदीच काही नाही असं नव्हतं, पण फार कमी ऐकू येत होतं. कानाला मशीन लावून शिकवावं लागेल म्हणाले. शांतपणे विचारलं, "इतके दिवस कसं लक्षात आलं नाही?" तो प्रश्न सून घरी घेऊन आली. दार लावलं आणि फुटली. "तुम्ही तिच्याशी ते मुकं बोलत बसलात, म्हणून कळलं नाही आम्हाला! तीन वर्षं गेली माझ्या पोरीची!"

आजीनं ते शब्द ओठांवर वाचले. भोंगा बंद पडला. सुनेचं तरी काय चुकलं? पोटच्या पोरीचं होतं. दोन बायका एकाच ओट्यापाशी उभ्या राहायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या नाहीत, आणि आजीशी बोलायचं म्हणजे बघावंच लागतं. मुलाच्या नाकीनऊ आले.

बिट्टीला बोलायला शिकवणाऱ्या ताईंकडे पहिल्या दिवशी सगळेच गेले. आजी कोपऱ्यात, आरोपीसारखी. ताईंनी बिट्टीचे ओठ पाहिले, मग आजीकडे वळून सावकाश म्हणाल्या, "आजी, अर्धं बोलणं तुम्ही तिला शिकवलंय, आणि पक्कं शिकवलंय. शब्द तिच्याकडे आहेत. उरलेलं अर्धं म्हणजे आवाज. त्याला तुमची मदत लागेल."

मदत म्हणजे काय, तर आजीनं नातीशी ओठ झाकून बोलायचं, म्हणजे पोर कान वापरेल. आणि किंचाळायचं नाही, हळू. झालं! जिनं जन्मात ओठ झाकले नाहीत आणि जिला हळू म्हणजे काय हेच ठाऊक नाही, तिला हे सांगणं. आजी तोंडापुढे पुठ्ठा धरायची आणि पुठ्ठ्यामागून तोफ डागायची. बिट्टी दोन्ही कानांवर हात ठेवायची. आजी कळवळून सुनेकडे बघायची, की मोठा झाला का गं?

आणि सुनेला हातानं खुणा कराव्या लागल्या. खाली, अजून खाली, हां, एवढा. असं त्यांचं सुरू झालं. रोज स्वयंपाक आटोपला की सासू पुठ्ठ्यामागे, सून समोर हातानं आवाज चढवतेय, उतरवतेय. एकदा आजीचा आवाज इतका खाली गेला की उरलाच नाही, आणि ती आपली गंभीर चेहऱ्यानं पुठ्ठ्यामागे बोलतेय. सुनेला हसू आवरेना. आजीनं पुठ्ठा काढून विचारलं, "काय झालं?" आणि मग दोघी हसल्या, अगदी पोट धरून. राग तिथेच गेला, असं सून सांगते. माफीबिफी कोणी मागितली नाही.

पण बिट्टी आवाज काढेना. मशीन लावायची, ऐकायची, आणि उत्तर नुसत्या ओठांनी. शाळेचं वय जवळ आलं. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापक बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "घ्यायला माझी ना नाही. पण वर्ग मोठा आहे, मी फळ्याकडे तोंड करून असते. पाठीमागे हिला काही झालं तर हिनं हाक मारली पाहिजे. हाक मारायला लागली की घेऊन या." नाहीतर दुसऱ्या शहरातली, वसतिगृहाची शाळा. एवढ्याशा पोरीला ठेवून यायचं! सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. आजी तर बिट्टीचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून सारखी हुंकार द्यायची, गुरगुरायची, घोड्यासारखी फुरफुरायची. गुरगुर बिट्टीला आवडायची. करायची नाही.

आणि एका सकाळी आंघोळीत बिट्टीच्या डोळ्यांत साबण गेला. मशीन काढून ठेवलेलं, डोळे मिटलेले, म्हणजे पोरीला ना काही दिसत होतं ना ऐकू येत होतं. आजी दाराबाहेर पाठमोरी, दोरीवरचा टॉवेल काढत होती. आतल्या खोलीत कामावर जायची तयारी करणाऱ्या सुनेला कुणाचीतरी हाक ऐकू आली. चिरकी, अनोळखी, ओढलेली.

"आऽऽजी!"

सून धावली. आजी टॉवेल झटकत होती, अगदी निवांत. सुनेनं आधी पोरीच्या डोळ्यांवर पाणी मारलं, तिला छातीशी घेतलं, आणि ओलीचिंब, रडत बाहेर येऊन आजीसमोर उभी राहिली. "आई, हाक मारली तिनं!"

"कोणाला?"

"तुम्हाला! आजी म्हणाली!"

आजीचा हात टॉवेलवरच थांबला. ती बिट्टीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला नाही आलं गं ऐकू."

तिच्या मुलानं यापूर्वी कितीदा सांगितलं होतं की आई, तूही मशीन घे. दर वेळी उत्तर एकच: "मला काय करायचंय? मला दिसतं सगळं." त्या दिवशी तो घरात पाऊल टाकतोय तोच आजी म्हणाली, "मला कानाचं मशीन हवंय. उद्याच."

शाळेचं सांगून टाकलेलं बरं: बिट्टी त्याच जवळच्या शाळेत गेली, आणि पुढे इतकी बडबडी झाली की बाईंनी तिला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं. आजीनं ती बातमी आळीभर वाटली.

पण त्याआधी आजीचं मशीन आलं. कानात घातलं आणि तिनं घर डोक्यावर घेतलं. "हा पंखा इतका कुरकुरतो? आणि हा म्हणे लिफ्टा दुरुस्त करतो!" नळ ऐकला, रस्ता ऐकला, सुनेला चार वेळा कारण नसताना "काय म्हणालीस?" विचारलं. मग स्टूल ओढलं, भिंतीकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, "हिला तिथे दाराशी उभी कर. हाक मारू दे."

बिट्टीला कळेचना. आजी कधी पाठ करून बसायची नाही. ती दोनदा वळसा घालून आजीच्या समोर जाऊन उभी राहिली. दोन्ही वेळा आजीनं तिचा पापा घेऊन तिला परत पाठवलं. शेवटी सुनेनं तिला दाराशी धरून ठेवलं.

"आजी," बिट्टी म्हणाली.

पाठ हलली नाही. नाही का आलं ऐकू? मग दिसलं, म्हातारीचे खांदे गदगदत होते. ती वळली, पण नातीकडे बघायच्या आधी सुनेकडे बघितलं, आणि कधी नव्हे इतक्या हळू आवाजात म्हणाली, "तुझाच आवाज आहे गं हिचा."

आपला आवाज कसा आहे हे या बाईला आज पहिल्यांदा कळलं, हे सुनेच्या तोवर मनातही आलं नव्हतं.

आजी पुन्हा भिंतीकडे वळली. बिट्टीला आता खेळ समजला होता. ती हाका मारत सुटली, आणि आजी प्रत्येक हाकेला वळून ओ देत राहिली.