काका कुणाच्याच पक्षाला जात नाहीत

इंग्रजांच्या काळात आमच्या घराण्यात मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेलेला माणूस एकच, आमचे थोरले काका. तीनदा निवडून आले आणि तिन्ही वेळा कुणाचंही निशाण खांद्यावर न घेता. पहिल्या निवडणुकीत भाषणं ठोकायचं काम माझ्याकडे होतं. मी लोणावळ्याला नवानवा मास्तर झालो होतो आणि आपल्याला संस्कृत येतं असा माझा समज होता.

मी ठासून सांगायचो, "आमचे काका अपक्ष आहेत. ते कुणाच्याही पक्षाला जात नाहीत, जाणारही नाहीत." लोक एकमेकांकडे बघायचे. मला वाटायचं, मुद्दा पोचला.

पोचला होताच. दिवस भाद्रपदातले, पितृपंधरवडा तोंडावर आलेला. आमच्या मावळात पक्ष म्हणजे पितरांचं जेवण. सुदुंबऱ्यापासून खंडाळ्यापर्यंत बातमी गेली की हा माणूस कुणाकडे पक्षाला जेवत नाही, स्वतःच्या बापालाही घास टाकत नाही. समोरच्या उमेदवाराच्या माणसांनी तिला तिखटमीठ लावलं. मतं चालली.

तिकोणा पेठेत एका म्हातारीने काकांना पारावरच गाठलं. "भाऊ, तुमी आमच्याकडं पक्षाला येनार न्हाई म्हनं? आमी काय पाप केलं?"

मी पुढे होऊन तिला त्या शब्दाचे दोन अर्थ समजावून सांगितले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मास्तर, जरा त्यांला बोलू द्या की."

"मावशी, तुमच्याकडं कधी हाय?" काकांनी विचारलं.

"पंचमीला."

"मग पंचमीला आलो."

त्यानंतर आमचा प्रचार म्हणजे खीर आणि वडे. माझी भाषणं बंद झाली, कोट मात्र घट्ट झाला. गेलेली मतं माघारी येऊ लागली.

तेवढ्यात डोंगरातल्या वाडीचा एक गवतवाला बाजारात भेटला. "आमच्याकडंबी परवा हाय, भाऊ. पर तुमी कशाला येताय."

त्या काळी मत होतं ते बऱ्यापैकी सारा भरणाऱ्यालाच. त्या वाडीत मतदार एकही नव्हता, आणि ज्यांना मत होतं ते गावकरी विटाळ मानून वाडीत पाणीही पीत नसत. गावच्या एका मोठ्या शेतकऱ्याने तोंडावर सांगितलं, "भाऊ, तितं जेवलात तर आमच्या आळीची मतं इसरा."

मी म्हणालो, "काका, निवडून आल्यावर जा ना."

"तवा गेलो तर सायेब आला म्हनतील," म्हणत काका चढाला लागले.

ते वाडीत मांडी घालून जेवले. मीही जेवलो; त्यात धैर्याचा भाग कमी, चढाचा जास्त.

शेतकऱ्याने शब्द पाळला. त्याची आळी गेली ती गेलीच. बाकीच्या गावांच्या जिवावर काका जेमतेम वर आले.

पहिल्या बैठकीला निघाले तेव्हा वाडीची माणसं लोणावळा स्टेशनवर उभी होती. गवतवाला म्हणाला, "भाऊ, रानातून मोळी आनली की जंगलखात्याचा गार्ड धरतोय. त्येवढं इचारा."

कौन्सिलात काकांनी पहिल्यांदा तोंड उघडलं ते त्या मोळीसाठी. सरकारवाले त्यांना आपल्याकडे ओढत, विरोधकही ओढत. काका दोघांकडचा चहा पीत आणि पुन्हा मोळीवर येत. मोळीला सूट मिळायला काकांची कौन्सिलातली दुसरी खेप उजाडली. तोवरही वाडीत मत कुणालाच नव्हतं.

हे सांगताना माझी छाती इतकी फुगते, की घरातले विचारतात, नक्की निवडून कोण आलं होतं?