चिवड्याचा डबा आणि सासूबाई

मैत्रिणींनो, पोटाचं ऑपरेशन करून उतरवलेलं वजन पुन्हा वाढायला लागलंय. दिवसभर मी नीट जेवते, पण संध्याकाळी हात चिवड्याच्या डब्याकडं जातोच.

लेक शिकायला बाहेर गेल्यापासून सिरसाळ्याचं हे घर संध्याकाळी खायला उठतं. आजही स्वयंपाकघरात उभी राहून मूठमूठ चिवडा खात होते, तेवढ्यात सासूबाई आल्या. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

त्या म्हणाल्या, "पोरीची याद येती का गं? मला बी लई येती. चल, फोन लावू."

लेकीशी बोलताना आम्ही दोघी रडलो. मग सासूबाईंनी मुगाचं धिरडं केलं आणि आम्ही दोघींनी सोबत बसून सावकाश खाल्लं.

आता डॉक्टरांनाही हे मोकळेपणानं सांगणार आहे. तुम्हाला संध्याकाळी नेमकी कशाची भूक लागते?