बाबांच्या वाटणीचा गॅस

लाईट गेली की आमच्या घरचा जनरेटर गोबरगॅसवर चालायचा. हे ऐकून सुलतानपूरच्या बाजारात लोक हसायचे. "म्हंजे शेणावर पंखा फिरते म्हना." मीही हसण्यावारी न्यायचो. पण तो पंख्यासाठी नव्हताच. बाबांची फुप्फुसं निकामी होत चालली होती. हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन त्यांच्या खाटेशी दिवसरात्र घरघरत असे. लाईट तीन-तीन तास जायची, आणि इन्व्हर्टर एवढा वेळ टिकत नव्हता. शेवटी मी पेट्रोलवरचा जुना जनरेटर आणला, तो गॅसवर चालेल असा करून घेतला आणि गोठ्यामागच्या टाकीवरून त्याला पाइप जोडला.

टाकी माझी आणि मोठ्या भावाची सामाईक. घरं वेगळी झाली, चुली वेगळ्या झाल्या. शेण मात्र दोन्ही गोठ्यांचं एकाच कुंडीत कालवून टाकीत सोडलं जाई. नियम बाबांसमोरच ठरला होता. सकाळी नऊपर्यंत दोन्ही घरांनी स्वयंपाक उरकायचा, मग दोन्हीकडचे कॉक बंद. पुढचा गॅस बाबांचा. टाकीवरचा लोखंडी ड्रम गॅस साचला की वर यायचा, संपला की खाली बसायचा. जाता-येता माझं लक्ष त्याच्यावर असे. त्याच भरवशावर मी घरातला ऑक्सिजनचा सिलिंडरसुद्धा परत देऊन टाकला होता.

जनावरांवर लम्पी रोग आला त्या साली एका संध्याकाळी मी गोठा फिनाईलनं धुतला आणि ते पाणी सवयीनं कुंडीत लोटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेताकडे निघालो तेव्हा ड्रम चांगला वर होता. दुपारी घरी आलो, तासाभरानं लाईट गेली. इन्व्हर्टर उतरत आला तसा जनरेटर सुरू केला. दहा मिनिटं चालला, खोकल्यासारखा आवाज करून बंद पडला. धावत मागं गेलो तर ड्रम पार तळाला.

बाबांना जीपमध्ये घालून मेहकरला नेलं, तिथून बुलढाण्याला. तिसऱ्या दिवशी ते गेले.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर भाऊ एवढंच म्हणाला, "फिनाईलचं पाणी टाकलं तू कुंडीत. गॅस मेला." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पुढं दीड महिना टाकीत खरंच गॅस धरला नाही, आणि गावाची खात्री पटली. माझीही पटली, म्हणजे मी पटवून घेतली. त्यानंतर मी भावापुढं मान वर केली नाही. वाटणीत विहिरीकडचं वावर त्यानं मागितलं, मी सही केली. घरची म्हणाली, "काऊन दिलं हो?" मी बैल सोडून शेताकडे निघालो.

यंदा पुतणीचं लग्न ठरलं. वहिनींकडे बायका पापड लाटत बसल्या होत्या, मी गव्हाचं पोतं टाकायला गेलो होतो. हसणं-बोलणं चाललं होतं. पोरीला पहिल्यांदा पाहायला आलेल्या पाहुण्यांचा विषय निघाला. जळगाव जामोदकडचे होते, जमलं नव्हतं.

"बाप्पा, काय खाल्लं त्यायनं," वहिनी म्हणाल्या. "अर्ध्या पुऱ्या व्हायच्या होत्या अन् सिलिंडर संपला. मंग काय करता, उघडला गोबरगॅसचा कॉक. ते बसले तीन वाजेलोक, अन् मी आपली तळून राह्यली..."

बोलता बोलता त्यांना मी दिसलो. हातातलं लाटणं तसंच राहिलं.

जनरेटर बंद पडला त्याच दिवशी ते पाहुणे आले होते. हे मला तेव्हाही माहीत होतं. स्वयंपाक सिलिंडरवर झाला, असं भावानं सांगितलं होतं.

भाऊ गोठ्यात बैलाला वैरण टाकत होता. मी विचारलं, "भाऊ, त्या दिवशी वहिनींनी गॅस घेतला हे तुले माहीत होतं?"

तो वैरण सारखी करू लागला. "हाव," म्हणाला. "मीच म्हनलं तिले, बोलू नको म्हून. पोरीच्या नावानं बोट झालं असतं. हिच्या पाहुण्यापायी आजोबा गेला म्हनले असते लोक."

"अन् माह्या नावानं झालं ते?"

"तुले तर समजते ना टाकीतलं. फिनाईलनं नवा गॅस बनत नाही, पन भरलेला ड्रम कसा खाली बसन? तू काऊन बोलला नाही तवा?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. इतकी वर्षं फक्त माझ्याजवळच होतं.

जनरेटर बंद पडला तेव्हा मी बाबांच्या उशाशी होतो. मशीनची घरघर थांबली, खोली गप्प झाली, आणि उठण्याआधी क्षणभर मला बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते घर शांत झालं होतं. बाबा माझ्याकडे पाहत होते. मग मी धावलो. पण तो क्षण घडला होता. म्हणून भावानं दोष दिला तेव्हा मी तो घेतला. वाटलं, हा नाही तर दुसरा, पण माझ्या वाट्याला दोष आहेच. त्यानं मला फसवलं हे खरं. माझं गप्प राहणं त्याला सोयीचं पडलं, विहिरीकडचं वावर घेतानाही त्याचा हात अडखळला नाही. तो राग माझा अजून गेलेला नाही, आणि जावा असंही वाटत नाही.

ते सगळं मी त्याला तिथंच गोठ्यात सांगितलं. तो खाली बसला. मग दाराकडे एकदा पाहून हळूच म्हणाला, "हे आता कोनाले सांगू नको. लग्न आहे घरात."

मी हाव म्हणालो. लग्न पार पडलं, पोर सासरी नांदतेय. मी आता सांगतोय.