स्टेअरिंगचा प्ले

सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला तो सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले. पाय आठ दिवसांत चालायला लागला, जीभही वळायला लागली. उजवा हात तेवढा मागे राहिला. बोटं होती, पण सांगितलेलं ऐकत नव्हती. मामा, म्हणजे माझे सासरे, मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून डाव्या हाताने जेवायला लागले. पुढच्या सोप्यात पान वाढलं तर उठून जायचे. सासूबाई भाकरी कुस्करून आमटीत भिजवून द्यायच्या, आणि दोघं एकमेकांकडे न बघता तो कार्यक्रम उरकायचे.

डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिला होता. तो रोज दाबायचा. पहिल्या काही महिन्यांत हात जेवढा वापराल तेवढा परत येईल, नंतर अवघड आहे, असं त्यांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. मामांनी तो चेंडू दुसऱ्याच दिवशी परसात भिरकावला, तोही डाव्या हाताने.

"चेंडू दाबाय मी काय तान्हं हाय?"

मी तो आणून धुऊन परत ठेवला. तो पुन्हा परसात गेला. तिसऱ्यांदा मी आणला नाही. माणूस जे काम करणारच नाही, ते त्याच्यापुढे ठेवण्यात अर्थ नसतो.

मामांनी पलटणीत सतरा वर्षं गाडी चालवली, आणि परत आल्यावर साखर कारखान्याच्या ट्रकवर तेवढीच. त्यांना स्टेअरिंग सोडून दुसरं काही आवडल्याचं मी पाहिलं नव्हतं. आणि कराडजवळ मलकापूरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, जिथे मी टायपिंगचा क्लास चालवायचे, तिथे वर्षभरापूर्वी एक कॉम्प्युटर आला होता. त्यात मोटारीच्या शर्यतीचा एक गेम होता. सांगलीच्या दुकानदाराने मशीनबरोबर तो न मागता टाकून दिला होता. कॉम्प्युटर आला त्याच आठवड्यात मी खोलीत पाटी लावली होती: 'गेम खेळणाऱ्यास क्लासमधून काढण्यात येईल'. मुली माझ्या मागे काय म्हणायच्या ते मला ठाऊक होतं.

दुपारी एक ते तीन क्लास बंद असायचा. एका दुपारी मी मामांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि त्यांचा उजवा हात बाणांच्या चार बटणांवर ठेवला. डावा बाण, उजवा बाण, वरचा म्हणजे वेग, खालचा म्हणजे ब्रेक.

"हे काय?"

"गाडी आहे. चालवा."

"क्लच कुठाय?"

"क्लच नाही."

"मग कसली गाडी," ते म्हणाले, पण हात काढला नाही.

गाडी सुटली आणि पहिल्याच वळणाला शेतात गेली. पुन्हा सुटली, पुन्हा शेतात. मामा बटण दाबायचे, गाडी तशीच सरळ जायची, आणि मग एकदम धक्का देऊन वळायची. तोवर रस्ता संपलेला असायचा. चार-पाच वेळा असं झाल्यावर त्यांनी हात मांडीवर घेतला.

"स्टेअरिंगला लय प्ले हाय," ते म्हणाले. प्ले म्हणजे चाक फिरवलं तरी गाडी लगेच वळत नाही, मधे थोडं रिकामंच फिरतं ते. मग ते हाताकडे बघून म्हणाले, "का ह्यालाच हाय, कोणाला ठावं. हात मेलाय माझा. कशाला खेळ लावलाय पोरी."

ते उठून मागच्या खोलीत गेले. मी त्यांच्या जागी बसले आणि माझ्या धडधाकट हाताने गाडी चालवली. माझीही शेतात गेली. मिनिटाला पन्नास शब्द टाइप करणारी माझी बोटं. म्हणजे खोट मशीनमध्ये होती. पण त्यांना हे सांगून पटणार नव्हतं. ड्रायव्हरला दुसऱ्याच्या सांगण्यावरून गाडी ठीक वाटत नाही. मशीन ठीक करून त्यांच्या हाताखाली द्यायला हवं होतं, आणि तेही लवकर.

मशीनबरोबर आलेलं जाड इंग्रजी पुस्तक मी पहिल्यांदा नीट उघडलं. शेजारी डिक्शनरी घेतली. रोज दुपारचे दोन तास. चार दिवसांत एक गोष्ट सापडली. आमचा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम मशीन सुरू होतानाच आत जाऊन बसायचा आणि बसूनच राहायचा. कोणतंही बटण दाबलं की ते आधी त्याच्या हातातून जायचं, मग पुढे. सरकारी कचेरीतल्या बारक्या कारकुनाच्या टेबलासारखं. मशीन सुरू होताना ज्या दोन फाइली वाचतं, त्यातल्या एकीतून मी त्याची ओळ काढली आणि मराठीच्या तासाला तो हाताने सुरू करायचा असं ठरवलं.

गाडी सुधारली. बटणाला ती आता ऐकत होती. पण दर काही अंतरावर चित्र थबकायचं, मशीनच्या खोक्यातून करकर आवाज यायचा आणि गाडी उडी मारून पुढे जायची. मी मामांना बोलावलं नाही. अर्धवट दुरुस्त गाडी दाखवली असती, तर ते परत कधी बसले नसते.

रविवारी मी कराडहून एसटीने सांगलीला गेले. दुकानदार ओळखीचा होता, बोलायला मोकळा.

"गेम अडखळतोय," मी म्हटलं.

"तुमच्याकडं गेम? मॅडम, ती पाटी काढली का?"

"पाटी आहे. सासऱ्यांसाठी पाहिजे."

"माझ्या सासऱ्यांनाबी पाठवू का? दिवसभर माझ्या डोक्यावर बसत्यात."

"गाडी चालवता येते का त्यांना?"

"सायकल येत न्हाई."

"मग नको. का अडखळतोय ते सांगा."

त्याने आधी नवीन मशीन घ्या म्हणून सांगितलं, तो त्याचा धंदाच होता. मी खुर्चीवरून हलले नाही. मग त्याने विचारलं, "दिवाळीत आपण मेमरी वाढवली. मी लिहून दिलेल्या ओळी घातल्या का फाइलमध्ये?"

"त्याच दिवशी. जशाच्या तशा."

"मग अडखळाय नको. मशीन चालू होताना काय लिहून येतं?"

"येतं काहीतरी. भराभर वर जातं."

"वाचलं न्हाई?"

"नेहमीच येतं."

"नेहमी येतं म्हणून कोणच वाचत न्हाई, मॅडम. पॉजचं बटण दाबा, थांबतंय ते. वाचा. आणि मग या."

परतीच्या दोन तासांच्या प्रवासात मी स्वतःवर चिडले होते. दिवाळीपासून मशीन रोज सकाळी मला काही सांगत होतं, आणि मी तेवढ्या वेळात उदबत्ती लावत होते.

सोमवारी दुपारी मशीन सुरू केलं आणि पॉज दाबलं. पडद्यावर स्वच्छ इंग्रजीत लिहिलेलं होतं: कॉन्फिग फाइलमधली आज्ञा ओळखता येत नाही, चूक पहिल्या ओळीत. ती दुसरी फाइल, दुकानदाराच्या ओळी घातलेली, मी उघडली. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला, मोठ्या लिपीत, माझ्याच बोटांनी टाइप केलेलं होतं: एस एच आर ई ई.

श्री.

कपाटातून दुकानदाराचा कागद काढला. तो त्याच्या पावतीपुस्तकातला होता. प्रत्येक व्यापाऱ्याच्या पावतीवर असतं तसं वर मधोमध श्री, फक्त इंग्रजी अक्षरांत छापलेलं, आणि जागा वाचवायला त्याने पहिली ओळ त्या श्रीला चिकटूनच लिहिली होती. मी समोर कागद ठेवून, बोटांकडे न बघता, दिसेल ते टाइप केलं होतं. मूळ कागदात माशी चिकटलेली असेल तर तिची नक्कल करू नये, हे मी दर बॅचला पहिल्याच दिवशी सांगायचे. एका चुकीच्या अक्षरासाठी मुलींकडून पान पुन्हा करून घ्यायचे.

ती ओळ साधी नव्हती. वाढवलेली मेमरी वापरायची तर मधलं दार उघडावं लागतं, आणि दार उघडणारी ती ओळ होती. पुढे श्री असल्यामुळे मशीनला तिचा अर्थच लागत नव्हता. दार बंद, कोठार भरलेलं, आणि सगळा कारभार पुढच्या चिंचोळ्या खोलीत. म्हणून गेम सारखा डिस्ककडे धावत होता आणि करकर वाजत होता.

मी श्रीवर कर्सर नेला. मागे मामा कधी येऊन उभे राहिले होते, कळलं नाही. इंग्रजी मुळाक्षरं त्यांना पलटणीतच शिकवली होती.

"श्री लिवलंय न्हवं ते?"

"हो. त्याच्यामुळेच गाडी अडतेय. काढते."

"पुसू नगंस."

"मामा, मशीनला ते कळत नाही."

"न कळू दे. वर लिवलंय ते पुसायचं नसतं."

वाद घालण्यात दुपार गेली असती. पुस्तकात मी एक सोय वाचली होती: ज्या ओळीच्या आधी रेम ही तीन इंग्रजी अक्षरं लिहिली, ती ओळ मशीन वाचत नाही, नुसती राहू देतं. मी श्री वेगळ्या ओळीवर घेतलं, त्याच्या आधी रेम लिहिलं, आणि कामाची ओळ खाली मोकळी केली.

"राहिलं बघा. मशीन ते बघणार नाही, पण आहे."

"मग झालं."

मशीन पुन्हा सुरू केलं. पॉज दाबलं. चुकीचं काही नव्हतं. गेम लावला, आधी स्वतः एक फेरी मारली. गाडी बोटाबरोबर वळत होती. खोक्यातला आवाज बंद होता.

"आता गाडीत खोट नाही," मी म्हटलं आणि खुर्ची सोडली.

हे बोलताना मला आत कुठे तरी धास्ती होती, ती सांगायला हवी. इतके दिवस मशीनच वाईट होतं. आता हाताचं काय ते उघडं पडणार होतं.

मामा बसले. हात स्वतःच उचलून ठेवला. पहिलं वळण डावीकडे होतं, ते निघालं. दुसरं उजवीकडे, तिथे गाडी शेतात गेली. पुन्हा डावं निघालं, पुन्हा उजवं गेलं. दहाबारा फेऱ्यांनंतर ते म्हणाले, "डावीकडं जाती. उजवीकडं ह्यो करंगळीकडचा भाग येळंला येत न्हाई."

"मग?"

"मग काय. गाडी बरी हाय. हाताचं काम काढाय पायजे." आणि ते पुन्हा सुटले.

त्यानंतर रोज एक ते तीन. मी पाटी काढली नाही, तिच्याखाली ते बसायचे. मुली लवकर येऊन खिडकीतून बघायच्या. एकीने विचारलं, "बाई, आजोबांना काढणार का क्लासमधून?" मी तिला एक पान जास्तीचं दिलं. उजवं वळण निघायला तीन आठवडे लागले. मग मामांनी चेंडू कुठे आहे ते विचारलं. परसात शोधला, मिळाला नाही, दुसरा आणला.

पावसाळा संपता संपता एका दुपारी ते पुढच्या सोप्यात येऊन पाटावर बसले. सासूबाईंनी कुस्करलेलं ताट आणलं, ते त्यांनी परत पाठवलं. अख्खी भाकरी मागितली. उजव्या हाताने ती मोडायला वेळ लागला, कडा टणक होत्या. तुकडा आमटीत बुडाला आणि आमटी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली.

सासूबाई फडकं घेऊन पुढे झाल्या. "आवं, थांबा की, पुसते."

"असू दे," मामा म्हणाले आणि दुसरा तुकडा मोडायला घेतला. "थोडा प्ले हाय अजून."