माऊसला हात न लावणाऱ्या मॅडम

पेणला आमच्या ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात म्हात्रे मॅडम कंप्युटर शिकवायच्या, पण आमच्या माऊसला त्यांनी कधी बोट लावलं नाय! हात मागे बांधून खुर्चीमागे उभ्या. अडलं की म्हणायच्या, "स्क्रीनवर काय लिहिलंय? वाच की गो!" मी आधी ओके दाबायची, मग वाचायची. टायपिंग माझं सुसाट, म्हणून मी स्वतःला एक्स्पर्ट समजायची. मैत्रिणीला सांगूनही टाकलेलं, "मॅडमना स्वतःलाच येत नसणार!"

रोह्याच्या एका वाचनालयात नवं सॉफ्टवेअर आलं. आम्हाला खऱ्या पुस्तकांवर शिकायला मिळावं म्हणून मॅडम तिथल्या अध्यक्षांच्या हात धुवून मागे लागल्या. ते तयार झाले, पण अट घातली: काही बिघडलं तर पोरी बंद. आणि मॅडमनी पहिली पाठवली कुणाला? मला!

एकेका पुस्तकाची नोंद उघडायची, बारकोड स्कॅन करायचा, सेव्ह. मी सुटलेच. पीं, पीं, पीं! दुपारपर्यंत अख्खं कपाट फत्ते. फक्त कर्सर होता पुस्तकाच्या नावाच्या चौकटीत. कादंबऱ्या, पाककृती, योगासनं, सगळ्यांची नावं पुसून तिथं बारकोडचे लांबलचक आकडे! मध्ये मध्ये स्क्रीनवर इशारा येत होता. मी इमानदारीत ओके दाबत होते. पेणजवळच्या जोह्यात, मूर्तींच्या कारखान्यात गणपती रंगवायला बसले असते तर उंदराला सोंड काढली असती मी.

अध्यक्षांनी एक कादंबरी शोधली. सापडेना. मॅडम आल्या तेव्हा ते तापलेलेच होते. "आमचं रजिस्टर बरं होतं. उद्यापासून पोरी नकोत."

"संध्याकाळपर्यंत थांबा, साहेब."

"मग तुम्ही दुरुस्त करा. ही नको."

"मी केलं तर ही काय शिकणार? हीच करेल."

मी कीबोर्डपासून हात मागे घेतले. "मॅडम, भीती वाटते."

"वाटू दे. त्यानिमित्तानं हळू टाईप करशील."

मॅडम कपाटातून एकेक पुस्तक काढून नाव मोठ्यानं वाचत होत्या, मी टाईप करत होते. संध्याकाळी अध्यक्षांनी पुन्हा शोधलं. कादंबरी सापडली! चष्मा पुसत म्हणाले, "येऊ दे पोरींना. ही मात्र रोज काउंटरवर, माझ्या नजरेसमोर."

माझं घर रोह्याकडेच. स्टँडवर मॅडमना पेणच्या बसमध्ये बसवताना मी विचारलं, "मग पेणला तुमच्या तासाला कधी येऊ?"

"आता तिथं काय हाय तुझं? इथंच शीक."

बस हलली तसे माझे डोळे भरून आले. मॅडमनी खिडकीतून डोकं काढलं. "रडतेस काय गो! परीक्षेला ये. नापास करायला तरी समोर हवीस!"