सलूनवाल्याच्या परसातली ती

बायको मुलीकडे गेली आणि सलूनवाल्याने परसात दुसरी आणून ठेवली, ही बातमी दोन दिवसांत गल्लीभर झाली. बातमी इस्त्रीवालीची. तिचं घर भिंतीपलीकडे. भिंतीला कान असतात म्हणतात, या भिंतीला जीभही होती. "भरदुपारी सलूनला कुलूप," ती सांगे. "आणि परसात हा म्हणतोय, 'घाबरू नकोस, थोडंच कापतो.' मग घोगऱ्या आवाजात, 'जाऊ नकोस गं!' डोक्यावर चार केस राहिले नाहीत, आणि थेरं बघा!"

परसात होती ती जास्वंद. जुन्या पिंपात लावलेली, लालभडक फुलांची. बायको लग्न होऊन आली ती हातात हिची फांदी घेऊन, हे सलूनवाला खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. "आमच्या संसाराएवढी आहे. एकतीस वर्षांची!" गळ्यावर वस्तरा असताना शंका कोण काढणार?

बायको गेली होती आठ दिवसांसाठी. तिथे जिन्यात पडली, खुब्याचं हाड मोडलं. फोनवर तिने पायाचं सांगायच्या आधी झाडाची चौकशी केली. "अहो, मी येईपर्यंत तेवढी जगवा तिला."

सलूनवाल्याने जीव लावला, म्हणजे काय, तर सकाळी एक बादली, संध्याकाळी एक बादली. आठवड्याभरात पानं पिवळी पडली, कळ्या मिटलेल्याच गळू लागल्या, देठांवर पिठासारखी पांढरी कीड बसली. फोनवर मात्र तो "मजेत आहे गं ती," असं ठोकून द्यायचा.

शेवटी त्याने नर्सरीवाल्याला आणलं. त्याने मातीत बोट खुपसलं. "बुडवून मारताय की हिला! मुळांनाही हलायला जागा नाही. बाहेर काढा, मुळं छाटा, वरूनही निम्मी उतरवा, नवी माती भरा. आणि माती वरून सुकल्याशिवाय पाणी नाही."

"निम्मी? अहो, बायकोची आहे ती!"

"लोकांची डोकी भादरताना थरथरतो का हात तुमचा?"

दुसऱ्या दिवशी दुपारी थरथरला. दाढीच्या ब्रशाने साबणाचा फेस काढून त्याने एकेक देठ धुतला. पिंप आडवं करून झाड ओढलं, तर मुळं गोल गोल, पिंपाच्याच आकाराची झालेली. ती छाटली, मग फांद्या. एकेक कापताना तोंडाने समजूत चालूच, गिऱ्हाइकाची काढावी तशी. फोन शेजारच्या स्टुलावर, आणि नजर घडीघडी त्याच्याकडे. छाटलेल्या फांद्या फेकवेनात, म्हणून चार त्याने एका डब्यातल्या मातीत खोचल्या.

दोन महिन्यांनी बायको काठी टेकत आली ती थेट परसात. पिंपात बोडका खुंट, त्यावर आठ-दहा कोवळी पानं. कळीचा पत्ता नाही.

"टक्कल केलं मी हिचं," सलूनवाला खाली बघत म्हणाला. "एकतीस वर्षं तू सांभाळलीस, आणि मी..."

बायको स्टुलावर टेकली आणि हसतच सुटली. "एकतीस? पिंपातली जास्वंद दहा-बारा वर्षं धड राहिली तरी पुष्कळ. थकायला लागली की तिचीच फांदी मी रुजवून ठेवते. ही तिसरी आहे."

"आणि मला कधी बोलली नाहीस?"

"गिऱ्हाइकांसमोर तुमचं नाक कशाला कापू?" मग तिचं लक्ष डब्याकडे गेलं. चारांतल्या दोन फांद्यांना पालवी फुटली होती. "या कोणी लावल्या?"

"फेकवेनात."

"म्हणजे चौथी तुमची." तिने काठीने डबा जवळ ओढला. "आणि ते 'जाऊ नकोस गं' काय होतं? इस्त्रीवालीने फोन करून सगळं कानावर घातलंय माझ्या."

सलूनवाला पिंपातली एक वाळकी काटकी मोडत बसला.

त्या दुपारी परसात कोणी बाई नव्हती. तिकडे बायकोचं ऑपरेशन चालू होतं, मुलीचा फोन अजून यायचा होता, आणि तो झाड छाटत होता.